बायबल मधोमध ठेवून घरशाळा कशी आखायची: पेरणी, वेचणी अन् तीन पोरं सांभाळून

आधीच सांगून टाकते, मी काही शिक्षिका नाही. बारावी झाली, लग्न झालं, यवतमाळ जिल्ह्यातल्या या गावात आले, पाच एकर कोरडवाहू वावर, एक बैलजोडी, दोन शेळ्या अन् आता तीन पोरं, थोरला १३ चा, मधली ९ ची, लहाना ५ चा. चर्चमध्ये दहा वर्षांपासून संडे स्कूल घेते, एवढीच काय ती माझी डिग्री. थोरल्याने चौथी गावातच झेडपीच्या शाळेत काढली, पुढची शाळा ११ किलोमीटरवर, एसटीचा भरवसा नाही, पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पोरगं दोन-दोन दिवस घरीच, तेव्हा आम्ही नवराबायकोनं ठरवलं की तसाही घरीच बसतो तर मग नीट घरीच शिकवू आणि बायबल मधोमध ठेवून शिकवू. त्याला चार वर्षं झाली. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या बाया, कधी दुसऱ्या गावच्या पाळकीणबाई, म्हणजे पाद्र्यांच्या बायको, विचारत असतात की कसं करता, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

पहिल्या वर्षी आम्ही सपशेल आपटलो, ते पण सांगते. मोबाईलवर कुठला तरी परदेशी ख्रिस्ती घरशाळेचा फुकटचा सिलॅबस सापडला, तालुक्याला जाऊन झेरॉक्सवाल्याकडून शंभरेक पानं प्रिंट काढून आणली. त्यात पहिल्याच धड्यात बर्फाचा माणूस, मग सफरचंदाच्या बागेत सहल, अन् सप्टेंबरात पानगळ. आमच्याकडे सप्टेंबरात चिखल तुडवत निंदण चालू. वर मी नऊ विषयांचं टाईमटेबल करून भिंतीला चिकटवलं, सकाळी ९ ते ४. जूनचा दुसरा आठवडा उजाडला, पाऊस पडला, पेरणी लागली अन् टाईमटेबल तिथंच गेलं, त्या कागदाच्या मागच्या बाजूला नंतर किराण्याचा हिशोब लिहिला. तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, आधी घराचा दिवस अन् वावराचं वर्ष बघायचं, त्यात बायबलची जागा धरायची, अन् बाकी विषय मग भोवती बसवायचे. उलटं केलं की काहीच टिकत नाही.

आधी कागद, मग पाटी

हे बोअर आहे पण करावंच लागतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्यात ६ ते १४ वयाच्या पोरांना मोफत अन् सक्तीचं शिक्षण आहे आणि पोराला शाळेत घालणं हे आईबापाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. घरशाळेला मान्यता देणारं कलम त्यात नाही, आणि पोराला घरी शिकवलं म्हणून आईबापाला दंड करणारं कलम पण नाही. म्हणजे मधली वाट आहे, डोळे उघडे ठेवून चालायची. त्याच कायद्यात पोरगं परत शाळेत आलं तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं असंही आहे, त्यामुळे परतीचा दरवाजा बंद होत नाही, हे सासूबाईंना तीनदा समजावून सांगितलं तेव्हा कुठं त्यांना रात्री झोप लागली.

मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, चोरून करू नका. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे टीसी, जन्मदाखला, आधार, जुने रिझल्ट, हे सगळं एका प्लास्टिकच्या फाईलीत घाला अन् ती फाईल उंदीर पोचणार नाही अशा जागी ठेवा. टीसीची ओरिजिनल कॉपी पुढे दहावीच्या वेळी लागते, त्याचं खाली सांगते.

अन् खरं सांगू का, ज्यांच्या गावात चौथीपर्यंत बरी झेडपी शाळा आहे त्यांना मी म्हणते पोराला तिथंच राहू द्या. सकाळी पाऊण तास अन् संध्याकाळी अर्धा तास घरी बायबल मधोमध ठेवून शिकवलं तर ती पण घरशाळाच झाली. दुपारचा पोषण आहार, गावातले सवंगडी, लिहायला-वाचायला शिकवणारे गुरुजी, हे सोडून द्यायला कारण पाहिजे. आमची मधली अजून झेडपीतच जाते, ती फक्त सकाळ-संध्याकाळ अन् सुट्टीत आमच्या टेबलाला असते. टेबल म्हणजे बाज.

वेळ मोजा, पण घड्याळाने नाही

एक वही घ्या अन् एक आठवडा नुसतं लिहा की घरात कोण केव्हा मोकळं असतं. आमचं निघालं ते असं: पहाटे सडा-पाणी, दूध, चहा, मग साडेसहा ते साडेसात सगळे घरात. ११ नंतर मी वावरात. दुपारी ऊन असेल तर परत घरी. संध्याकाळी दिवेलागणीनंतर हे घरी येतात, लाईट असली तर असली. म्हणजे रोजचा हमखास तास सकाळचा एक अन् रात्रीचा अर्धा. बाकी दोन तास कधी सापडतात कधी नाही.

मग वर्ष. ५२ आठवडे लिहा अन् खोडत जा. पेरणीचे ३, सोयाबीन काढणीचे ३, मे महिन्याचे ४ कारण पारा ४५ ला टेकला की पोरांचं डोकं चालत नाही अन् माझंही नाही, लग्नसराईचे २, ख्रिसमस अन् ईस्टर मिळून २, आजारपण-पाहुण्यांचे २. गेले १६. उरले ३६ आठवडे. हे ३६ च खरे, यातच सगळं बसवायचं. कापूस वेचणीचे दिवस मी खोडत नाही, त्या दिवसांत सकाळचा तास तेवढा पाळतो.

कोणी म्हणेल वेचणीला पोरांना नेता म्हणजे शाळा बुडवता. तर बघा, हातातल्या कामातून शिकवायचं ही गोष्ट आपल्या शेजारच्या वर्ध्यातच ठरली होती, १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या शिक्षण परिषदेत, तीच नई तालीम. फक्त हे ध्यानात ठेवा की तास-दोन तास सोबत नेणं वेगळं अन् पोरगं मजूर म्हणून दिवसभर राबवणं वेगळं. दुसरं होत असेल तर त्याला घरशाळा म्हणू नका, सरळ शाळेत घाला.

चार वर्षांचा बायबलचा रस्ता

बायबलात ६६ पुस्तकं आहेत, जुन्या करारात ३९, नव्यात २७. सगळं एका वर्षात वाचायचा प्लॅन मोठ्यांसाठी ठीक आहे, पोरांना घेऊन केला तर गणना या पुस्तकात गाडी रुतते, आमची रुतली. म्हणून मी आठवड्याला दोन अध्याय हा हिशोब धरला, ३६ आठवड्यांत ७२ अध्याय होतात, थोडे कमीच घ्यायचे म्हणजे मागे पडलं तर भरून काढता येतं.

पहिलं वर्ष उत्पत्ती अन् मार्क, ५० आणि १६ मिळून ६६. दुसरं निर्गम अन् लूक, ४० आणि २४ मिळून ६४. तिसऱ्या वर्षी रूथचे ४, पहिल्या शमुवेलाचे ३१ अन् प्रेषितांच्या कृत्यांचे २८, झाले ६३. चौथ्याला दानीएल १२, नहेम्या १३, एस्तेर १०, योहान २१ अन् याकोबाचं पत्र ५, म्हणजे ६१. मग पाचव्या वर्षी पुन्हा उत्पत्ती, तोपर्यंत ५ चा पोरगा ९ चा झालेला असतो, त्याला तीच गोष्ट नवीन वाटते. स्तोत्रं या हिशोबात धरायची नाहीत, ती रात्री झोपायच्या आधी, जमेल तेवढी. अन् नीतिसूत्रांचे अध्याय ३१ असल्याने तारखेप्रमाणे वाचता येतात, आज १४ तारीख तर चौदावा अध्याय, पण पोरांसाठी पूर्ण अध्याय नको, त्यातली दोन वचनं बस झाली.

भाषांतराचा एक घोळ होतो. आमच्या घरचं जुनं पवित्र शास्त्र सासऱ्यांच्या वेळचं, त्यातली भाषा पोरांना अर्धी कळत नाही. मी वाचायला सोपं भाषांतर घेते, मोबाईलवर ॲपमध्ये फुकट मिळतं, पण पाठ करायला जुनंच, कारण त्याला लय आहे अन् मंडळीत सगळ्यांना तेच पाठ आहे. पोरांना हेही सांगा की पंडिता रमाबाईंनी मुळातल्या हिब्रू-ग्रीकवरून पूर्ण बायबल सोप्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली, १९२२ मध्ये त्या गेल्या, अन् छापायचं काम केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायांनीच केलं. माझ्या मधलीने हे ऐकलं तेव्हा विचारलं की छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणाऱ्या त्या बायांना आधी वाचता येत होतं का. आता हा इतिहासाचा प्रश्न झाला की नाही, पुस्तक न उघडता.

पाठांतर आठवड्याला एकच वचन. चुलीजवळच्या भिंतीवर खडूने लिहिते, शनिवारी पुसते. वर्षाला ३६ होतात, पुष्कळ झाले.

एक उतारा, तीन कामं

हा सगळ्यात कामाचा भाग आहे, इथं जरा थांबा. तीन वयाच्या पोरांना तीन वेगळे धडे देत बसलात तर आठवड्यात दमाल. सगळ्यांना एकच उतारा वाचायचा, काम मात्र वेगवेगळं द्यायचं. रूथचा दुसरा अध्याय आम्ही कसा घेतला ते सांगते.

रूथ परक्या मुलखातली विधवा, सासूला घेऊन बेथलेहेमला आली, अन् बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला गेली. हा सरवा शब्द शहरातल्या पोरांना समजावून सांगावा लागेल, आमच्या पोरांना नाही, त्यांची आजी अजून सोयाबीन काढून झालं की पडलेल्या शेंगा वेचायला जाते. आम्ही तो अध्याय वावरातच वाचला, धुऱ्यावर म्हणजे बांधावर बसून, सोयाबीन काढल्याच्या चौथ्या दिवशी.

मग लहान्याला काम काय, तर एक पिशवी घेऊन फिरायचं अन् शेंगा वेचायच्या, अन् घरी येऊन दहा-दहाचे ढीग लावायचे. मधलीला तीन ओळी सुंदर अक्षरात उतरवायच्या, अन् रूथने झोडपून एक एफा जव मिळवले असं जे लिहिलंय तो एफा मोजायचा. एफा म्हणजे साधारण २२ लिटर. घरातला १५ किलोवाला तेलाचा रिकामा डबा घेतला, लिटरच्या मापाने पाणी ओतत मोजलं तर सोळा अन् वर थोडं, म्हणजे एफा हा सव्वा डब्याच्या वर गेला. एका बाईने एका दिवसात वेचून झोडपून एवढं! मधली म्हणाली, "मग तो मुद्दाम पेंढ्यातून टाकत असन." अन् बरोबर, पंधराव्या-सोळाव्या वचनात बवाज गड्यांना तेच सांगतो की तिच्यासाठी मुद्दाम टाकत जा. तिने ते वचन परत बघायच्या आधी हिशोबाने पकडलं.

थोरल्याला लेवीय या पुस्तकाचा १९ वा अध्याय काढायला लावलं, शेताचे कोपरे अगदी साफ कापू नका, गरिबाला अन् परक्याला राहू द्या, असा तिथला नियम. मग त्याला गणित दिलं, समजा वेचणीचा भाव किलोला १० रुपये, एक बाई दिवसाला ४० किलो वेचते, एकरी ५ क्विंटल कापूस, तर किती बायांचे दिवस अन् किती मजुरी. साडेबारा दिवस अन् ५,००० रुपये. मग प्रश्न, आपल्या वावरात कोपरा कोणासाठी सोडायचा? यावर बापलेकात जेवताना जी वादावादी झाली ती मी मुद्दाम थांबवली नाही. शेवटी धुऱ्याकडची तुरीची एक ओळ सोडायची ठरली, अजून सोडतो.

असे उतारे शोधावे लागत नाहीत, बायबल शेतकऱ्या-मेंढपाळांमधलंच आहे. नोहाच्या तारवाचं माप ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. हात साधारण ४५ सेंटिमीटरचा धरला तर १३५ मीटर बाय साडेबावीस मीटर. दोरी घेऊन वावरात खुंट्या ठोकल्या, क्षेत्रफळ निघालं तीन हजार चौरस मीटरच्या वर, म्हणजे बरोबर पाऊण एकर. सातबाऱ्याच्या भाषेत ३० आर. थोरला जाम खूष, क्षेत्रफळाचा धडा पुस्तकातून दोन आठवडे चालला असता तो एका सकाळीत डोक्यात बसला.

पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे चार तऱ्हेच्या मातीत पडलेल्या बियाची येशूने सांगितलेली गोष्ट, मत्तय १३, हा मे अखेरचा धडा. चार डब्यांत चार माती, एकात पायवाटेवरची घट्ट, एकात मुरमावर बोटभर माती, एकात गाजरगवतासकट, एकात चांगली काळी. प्रत्येकात दहा-दहा दाणे सोयाबीन. त्याच वेळी बियाण्याची उगवण क्षमता काढायची, ती तर तशीही काढावीच लागते, ओल्या गोणपाटावर १०० दाणे मांडा, गुंडाळी करा, ओलं ठेवा, आठवड्याने मोजा, ७० च्या वर उगवले तर बियाणं बरं. पुढे ऑक्टोबरात हिशोब पूर्ण करायचा. एकरी ३० किलो बी पेरलं, ७ क्विंटल झालं, म्हणजे साधारण २३ पट. येशू म्हणतो शंभरपट, साठपट, तीसपट. थोरला म्हणे, "म्हणजे आपलं वावर तीसपटीत पण नाही बसत." मग त्याला एक झाड उपटून दाणे मोजायला लावले, ९१ निघाले. एका दाण्याचे ९१, मग एकराला २३ च का? न उगवलेले, डुकरांनी खाल्लेले, पावसात भिजलेले, काढताना गळालेले. त्याने स्वतः यादी केली. ही वही मी जपून ठेवली आहे.

पण ओढूनताणून नको

आता उलटं सांगते. प्रत्येक विषयाला वचन चिकटवायची हौस मला पण होती. अपूर्णांकाला वचन, व्याकरणाला वचन, मूत्रपिंडाच्या आकृतीला पण वचन. पोरांना लगेच कळतं की आई जबरदस्ती करतेय, अन् मग दोन्ही हलकं होतं, वचन पण अन् गणित पण. जिथं जुळतं तिथं जोरात जोडा, नाही तिथं बालभारतीचं पुस्तक उघडा अन् गणित गणितासारखं शिकवा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, पण मी शेजारच्या पोरांची जुनी घेते, पानं उलटायला बरी पडतात. आठवीपुढचं बीजगणित माझ्या हाती नाही. गावात एक रिटायर गुरुजी आहेत, ते आठवड्यातून दोनदा थोरल्याला घेतात, आम्ही भाजी-ताक पोचवतो, पैसे ते घेत नाहीत.

इंग्रजीची एक युक्ती. मार्क मराठीत नीट वाचून झाला की तोच सोप्या इंग्रजीत वाचायला द्या. गोष्ट माहीत असते, त्यामुळे डिक्शनरी कमी लागते. बाकी हिंदी आपोआप येतं, टीव्ही आहेच.

विज्ञानाला लोक घाबरतात, उत्पत्तीचे दिवस अन् पुस्तकातली लाखो वर्षं, पोराला काय सांगायचं. मी दोन्ही सांगते. पुस्तकात काय आहे ते पूर्ण शिकवते, पेपरात तेच लिहायचं, अन् त्या दिवसांचा अर्थ ख्रिस्ती लोकांतही वेगवेगळा लावतात हे पण लपवत नाही. खडकांना घाबरून चालणार नाही, आपण बसाल्टवर राहतो, आपली काळी माती त्याचीच, चंद्रपूरकडे पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं सापडलीत. अन् नागपूरच्या भूगर्भाचा पहिलावहिला अभ्यास करणाऱ्यांत एक मिशनरीच होते, स्टीफन हिस्लॉप, १८४५ ला नागपूरला आले, शाळा काढल्या, सुट्टीत दगड अन् जीवाश्म गोळा करत फिरले, अन् १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून घोड्यावरून परतताना नाल्याच्या पुरात गेले. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. थोरल्याला हे सांगितलं तर तो नाल्याकडे बघून म्हणे, "आपला नाला पण असाच हाय."

टोळांचं पण तसंच. २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात टोळधाड आली होती, लोकांनी थाळ्या वाजवल्या, फवारे मारले. निर्गम १० आणि योएल वाचताना तेव्हाचे व्हिडिओ दाखवा, वेगळं काही समजवायला लागत नाही.

वय वाढतं तसं टेबल बदलतं

सहा वर्षांखाली लिखाण नको. एकच गोष्ट आठवडाभर, रोज सांगायची, शुक्रवारी पोराने सांगायची. गाणी म्हणा, ना. वा. टिळकांची भजनं आहेत अभंगाच्या चालीवरची, ढोलकी-टाळ घेऊन म्हटली की लहाना नाचतो. तेविसावं स्तोत्र शिकवायचं तर धनगर मेंढरं घेऊन वावरात बसायला येतात तेव्हा शिकवा. काठी कशाला, आकडी कशाला, रात्री मेंढरू हरवलं तर काय करता, हे त्यांनाच विचारायला लावा, माझ्यापेक्षा ते चांगलं सांगतात.

७ ते १० ला स्वतः मोठ्याने वाचणं, शुद्धलेखन, नकाशा. भिंतीवर इस्राएलाचा नकाशा हाताने काढलेला असू द्या, त्याच्या शेजारी आपल्या जिल्ह्याचा. गालील ते यरुशलेम अंतर अन् आपल्या गावापासून नागपूरचं अंतर एकमेकांशेजारी लिहिलं की पोरांना येशू किती पायी चालला ते कळतं. याच वयात दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवासाठी काढणं, शिकवा. मधलीच्या चार कोंबड्या आहेत, अंड्यांचे पैसे ती वहीत लिहिते अन् दहावा हिस्सा वेगळ्या डबीत टाकते. शेकडेवारी अशी शिकली ती.

११ च्या पुढे मात्र पोरं गोष्टी ऐकत नाहीत, ती प्रश्न विचारतात, अन् इथं बायबल मधोमध ठेवणं खरं अवघड होतं. मागच्या साली आमच्या गल्लीत एकाने कर्जापायी जीव दिला. विदर्भात हे कुणाला नवीन सांगायला नको, पण पोराला ते पहिल्यांदाच असतं. थोरल्याने मला विचारलं, "त्याच्यासाठी मंडळीत प्रार्थना केली होती ना, मग?" मला उत्तर आलं नाही. मी खोटं उत्तर दिलं पण नाही. आम्ही त्या आठवड्याचा प्लॅन बाजूला ठेवला अन् ईयोब उघडला. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ईयोबाचे तीन मित्र येतात, सात दिवस अन् सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, कोणी एक शब्द बोलत नाही. नंतर बोलायला लागतात तेव्हाच सगळं बिघडतं. पोराने ते वाचलं, संध्याकाळी तो अन् त्याचे बाबा त्या घरी जाऊन नुसते बसून आले. पुढे आठ दिवस त्या घरची गुरं यानेच पाण्यावर नेली.

तर सांगायचं हे की प्लॅनमध्ये वर्षातले दोन-तीन आठवडे रिकामे ठेवा. असले प्रश्न तारीख बघून येत नाहीत.

अन् बायबलची शिक्षा कधीच देऊ नका. थोरला एकदा खोटं बोलला म्हणून मी त्याला नीतिसूत्रांतलं वचन ५० वेळा लिहायला लावलं, वर्षभर त्याने नीतिसूत्रं उघडली नाहीत, मी वाचायला घेतली की शेळीला पाणी पाजायचं निमित्त करून उठायचा. शेवटी त्याची माफी मागितली, मग सुटलं.

आणि हो, हे सगळं आईच्याच डोक्यावर नको. अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना पोरांशी बोला असं आहे, ते काही फक्त आयांना सांगितलेलं नाही. आमच्याकडे रात्रीचं स्तोत्र यांचं. दमून आले तरी बाजेवर आडवे पडून का होईना वाचतात, कधी वाचता वाचता त्यांचाच डोळा लागतो, मग मधली पूर्ण करते.

गाव तुटू देऊ नका

सुरुवातीला नळावर बाया विचारायच्या, "काहून वो, पोट्ट्याचं नाव काढलं काय शाळेतून? कोणत्या कामाले लावता?" रागवायचं नाही, घरात बोलवा, वह्या दाखवा. आता त्यांची पोरं पण संध्याकाळी गणिताला येऊन बसतात.

तान्ह्या पोळ्याला लहान्याने लाकडी बैल घेऊन जायचा हट्ट धरला. मंडळीत काहींचं मत की ख्रिस्ती पोराने जाऊ नये. आम्ही ठरवलं की बैलाला सजवणं, त्याचे आभार मानणं, गल्लीतल्या पोरांबरोबर फिरून खाऊ गोळा करणं यात आम्हाला अडचण नाही, पूजा करणार नाही, एवढं त्याला सांगितलं. तुमच्या घराचं वेगळं ठरेल, पण आधी ठरवा, पोरगं दारात बैल घेऊन उभं राहिल्यावर नवराबायकोनं भांडू नका. कबड्डी, क्रिकेट, विहिरीवर पोहणं, हे टाईमटेबलात लिहा. लूक २ च्या शेवटी येशू ज्ञानाने, शरीराने, देवाच्या अन् माणसांच्या कृपेत वाढला असं आहे. मी महिन्याच्या शेवटी त्या चार रकान्यांत प्रत्येक पोराबद्दल दोन-दोन ओळी लिहिते, तोच आमचा रिझल्ट. माणसांचा रकाना रिकामा दिसला की पुढच्या महिन्यात मामाकडे पाठवते.

दहावीचं आधीच बघून ठेवा

पोरगं १२ चं झालं की हा विषय काढायचाच. तीन वाटा आहेत. एक, नववीला परत शाळेत घालायचं. दोन, १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगी विद्यार्थी म्हणून राज्य बोर्डाची दहावी, यालाच ओरिजिनल टीसी लागते. तीन, मुक्त विद्यालय. आपल्या राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे, अन् केंद्राचं एनआयओएस, १९८९ पासूनचं. एनआयओएसच्या दहावीला वय १४ पूर्ण पाहिजे, कमीत कमी ५ विषय, मराठी माध्यम पण मिळतं, परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे अन् ऑक्टोबर-नोव्हेंबर, अन् एकदा नाव घातलं की ५ वर्षं चालतं, त्यात ९ वेळा बसता येतं, म्हणजे एक-एक विषय करून पण काढता येते. आमचा कल तिकडे आहे, कारण ऑक्टोबरात काढणी असली तर एप्रिलला बसू. पण पोराला पुढे पोलीस भरती, नर्सिंग, आयटीआय जे काय करायचं असेल तिथं कोणतं सर्टिफिकेट चालतं हे त्या-त्या ऑफिसात जाऊन विचारा, व्हॉट्सॲपवर येतं त्यावर जाऊ नका. नियम अन् फी दरवर्षी बदलतात.

एक सवय आतापासून लावा, महिन्यातून एकदा तीन तासांचा पेपर, घड्याळ लावून, बाकावर बसून. घरशाळेची पोरं हुशार असतात पण त्यांना वेळेत लिहायची सवय नसते, माझा पोरगा पहिल्या पेपरात तीन प्रश्नांची लांबलचक सुंदर उत्तरं लिहून बाकीचे सोडून आला.

सुरुवात कशी करायची

पहिले दोन आठवडे फक्त बायबल अन् मोठ्याने वाचणं, दुसरं काही नाही. मार्कचा पहिला अध्याय, रोज सात-आठ वचनं, पोराने परत सांगायचं, लहान असेल तर चित्र काढायचं. तिसऱ्या आठवड्यात गणित घाला, रोज अर्धा तास. महिना झाला अन् घर कोलमडलं नाही तर भाषा, मग विज्ञान. वह्या दोनच, एक रोजची अन् एक बायबलची. फाईलीत महिन्याची दोन पानं ठेवा, कोणी विचारलं तर दाखवायला. खर्च म्हणाल तर वह्या, पेनं, एक मोठा नकाशा, झेरॉक्स अन् मोबाईलचा रिचार्ज, तो तसाही भरताच.

सुरुवात नागपंचमीच्या आसपास करा किंवा मग सरळ जानेवारीत, तूर घरात आल्यावर. पेरणीच्या आठवड्यात मुहूर्त धरू नका, मी धरला होता.